न दिसणारे प्रवासी

डेपोत तिला सगळे खारूताई म्हणत. गाडीच्या छपरावर चढून अँटेना तपासणं हे तिचं काम, आणि बाकीचे शिडी कुठे ठेवली ते शोधत असायचे तोवर ही वर पोचलेली. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांमध्ये प्रवाशांना जे वायफाय मिळतं, ते चालू ठेवणाऱ्यांपैकी ती एक.

प्रवाशाला वाटतं, वायफाय म्हणजे हवा, डब्यात असायचंच. पण गाडी पळत असते भन्नाट, आणि मोबाइलचे मनोरे बिचारे आपापल्या जागी उभे. एकाचा हात धरावा तर तो मागे पडतो. तो सुटायच्या आत पुढच्याचा धरायचा. आई झोपलेलं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते आणि लेकराची झोपही मोडत नाही, तसं हे व्हावं लागतं. छपरावरचे अँटेना ते सांभाळतात, आणि डब्याच्या कपाटातला राउटर आलेलं सगळ्यांना सारखं वाटून देतो. खारूताई म्हणायची, "देवाने आणि राउटरने तोंड बघून वाढू नये."

त्या दिवशी मात्र ती छपरावर नव्हती. चारचौघांसारखी तिकीट काढून खिडकीशी बसली होती. बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं.

बाबा ठोक बाजारात भाज्यांचा लिलाव पुकारायचे. सारा जन्म तेच केलं. आवाज असा की ते टोमॅटो पुकारायला लागले की पलीकडच्या रांगेतला हमाल बटाट्याचं पोतं खाली ठेवून आधी ऐकून घ्यायचा. सकाळी उठून देवाची प्रार्थना म्हणायचे, तीही त्याच आवाजात. शेजारी म्हणायचे, "अहो, देव काही बहिरा नाही." त्यावर बाबा म्हणायचे, "तो नाही, पण तुम्ही अजून अंथरुणात आहात ना!"

मग तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग बाजारातल्या धुळीवर ढकललं. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं: गाठ स्वरयंत्रावरच आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

घरात सगळ्यात आधी सुचलं ते आत्याला, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीला. ती म्हणाली, "दादा, थोडं काहीतरी बोल. मी फोनमध्ये भरून ठेवते."

बाबा उखडले. "मी काय वाटाणा आहे, डब्यात भरून ठेवायला?" मग जरा थांबून, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "समोर घेणारा नसताना मी कधी पुकारलंय का? मला भिंतीशी बोलायला लावू नका."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. खारूताईने एवढंच ठरवलं की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये पोचायचं, बाबांच्या समोर बसायचं, आणि त्यांना जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचं. समोर ऐकणारं माणूस असलं की झालं. मोठं काही मागणं नव्हतं तिचं.

पण गाडी सुटून जेमतेम थोडा वेळ झाला असेल, तोच आत्याचा निरोप आला. आजचं दुसरं कोणाचं तरी ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं, डॉक्टरांना वेळ मोकळा झाला होता, आणि बाबांचं ऑपरेशन उद्याऐवजी आज दुपारीच करायचं ठरलं होतं. "थोड्या वेळात नेतील म्हणतात. फोन कर," असं शेवटी लिहिलं होतं.

खारूताईने तो निरोप दोनदा वाचला. गाडीहून वेगाने तिकडे जाण्याचा मार्ग नव्हता, आणि गाडी संध्याकाळशिवाय पोचणार नव्हती. म्हणजे समोर बसणं गेलं. उरला फोन.

तिने फोन लावला. पडद्यावर आत्याचा चेहरा आला आणि तोंड उघडं असतानाच थिजला. "बा... पडे... ना... ला..." एवढं ऐकू आलं. तिने चित्र बंद केलं, नुसता आवाज ठेवून पाहिला. "हॅ... ऐकू... रू..." मग शांतता, आणि फोन तुटला.

मोबाइलचं नेहमीचं जाळं वापरावं म्हटलं तर तेही नाही. या गाड्यांच्या काचांवर उन्हासाठी धातूचा पातळ थर देतात. ऊन बाहेर राहतं आणि त्याच्याबरोबर मोबाइलचा सिग्नलही. डब्यात बसलेल्याला आधार काय तो गाडीच्या वायफायचाच. हे तिच्याइतकं चांगलं त्या गाडीत दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

समोरच्या बाकावर एक शिंपीणबाई बसल्या होत्या, मांडीवर कापडांचा गठ्ठा घेऊन. त्या म्हणाल्या, "तुमचंही तसंच का हो? मी गिऱ्हाइकाला हे साधं हिरवं कापड दाखवत्येय, तर तिला तिकडे सगळे चौकोन दिसताहेत. म्हणते, डिझाइन फार छान आहे, हेच शिवा. आता चौकोन मी कुठून आणू?"

एरवी खारूताई खळखळून हसली असती. आता ती नुसती मान हलवून पुन्हा फोन लावू लागली.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आले. दारापासून इथपर्यंत येताना त्यांना प्रत्येक बाकावरून वायफायबद्दल ऐकून घ्यावं लागलं होतं. हिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"ओहो! साक्षात खारूताई! आज छपराखाली?" मग आवाज चढवून सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळी, तक्रार करायची तर योग्य माणूस इथे बसलंय! रोज तुमच्या शिव्या मी खातो, आज ताईंना वाढा."

"काका, थट्टा नको," ती म्हणाली. "बाबांना ऑपरेशनला नेताहेत. स्वरयंत्र काढणार आहेत. नेण्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय."

तपासनिसांचं हसू विरलं. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "असं होय. मग बोला की."

"लागत नाहीये."

"तुम्हालाच लागत नाही म्हटल्यावर आम्ही काय करावं?"

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण त्यामुळे खारूताईने पहिल्यांदा मान वर करून डब्याकडे नीट पाहिलं. निम्मी आसनं रिकामी. मागचा डबाही तिने चढताना पाहिला होता, तोही तसाच. गाडी निम्मी रिकामी, बाहेर सपाट मोकळं रान, मनोरे एकापाठोपाठ एक. अशा वेळी वायफाय भरभरून मिळायला हवं. इथे तर थेंबही नाही. वाढणारा आहे, भांडं भरलेलं आहे, जेवणारे थोडे आहेत, आणि तरी ताट रिकामं. मग जेवतंय कोण?

तिने पिशवीतून कामाचा फोन काढला आणि राउटरवर किती जण जोडलेले आहेत ते उघडलं. पान हळूहळू, ओळीओळीने उतरू लागलं. वरच्या ओळी बघूनच तिने कपाळाला हात लावला.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर माझीच माणसं."

गोष्ट अशी होती. ही गाडी मागच्या आठवड्यात दुरुस्तीला डेपोत उभी होती. दुरुस्ती झाल्यावर राउटर भरल्या गाडीचा भार पेलतो का, हे बघायला त्यात खोटे प्रवासी बसवतात. म्हणजे एक प्रोग्रॅम लावायचा. तो राउटरला भासवतो की डब्याडब्यात माणसं खच्चून भरलीत, प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि प्रत्येक जण काहीतरी बघतोय. माणूस एकही नाही, पण राउटरला घाम फुटतो. आणि डेपोतला दंडक असा की जो बसवतो तोच उतरवतो. दुसऱ्याच्या चाचणीला कोणी हात लावायचा नाही. पूर्वी एकदा कोणी तरी चांगुलपणाने दुसऱ्याची अर्धवट चाचणी बंद केली होती आणि सगळी मेहनत पाण्यात गेली होती, तेव्हापासून हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला जायचा.

या गाडीत खोटे प्रवासी बसवले होते खारूताईने. ते बसवून ती खाली उतरत होती, तेव्हाच बाबांचा तपासणीचा निकाल सांगायला आत्याचा फोन आला. ती हातमोजे काढून तशीच डेपोबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी आली ती दुसऱ्याच गाडीवर चढली. तिचे सोबती तिच्या पाहुण्यांना राखत बसले. एकाने तर कपाटाला चिठ्ठीही डकवली होती म्हणे: "खारूताईची मंडळी आत आहेत, उठवू नये." डेपोत उभ्या गाडीला डेपोचंच दांडगं नेट मिळतं, त्यामुळे कोणालाही काही कमी पडलं नाही आणि सगळे दिवे हिरवे दिसले. आज सकाळी ठरलेली गाडी बिघडली आणि तिच्या जागी घाईघाईने ही काढली. पाहुण्यांसकट.

"काका, तुमच्या खोलीतल्या फोनवरून मला कंट्रोल रूम लावून द्या," ती म्हणाली आणि उठलीच.

तपासनिसांच्या खोलीत भिंतीला एक फोन असतो. तो गाडीच्या वेगळ्या तारेवर चालतो, पण त्यावरून कंट्रोल रूमखेरीज जगात कुठेही लागत नाही. तिकडे होते मामा. ते कोणाचे मामा होते हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा आणि ते सगळ्यांना भाचरं समजून रागवायचे.

"बोल पोरी. तू तर रजेवर ना?"

"मामा, या गाडीत माझे खोटे प्रवासी राहिलेत. सगळं नेट तेच खाताहेत."

पलीकडे कीबोर्डची खडखड झाली. "राहिलेत काय, ऐसपैस बसलेत," मामा म्हणाले. "आणि तेही कुठे, तर कर्मचाऱ्यांच्या रांगेत! आपल्या माणसांना आधी मिळतं ना, ती रांग. तुझ्या नावावर घातलेस म्हणून तुझ्या रांगेत गेले. लग्नघर केलंस गं."

"मामा, बाबांचं ऑपरेशन आजच आहे. आत्ता नेताहेत. मला नुसतं बोलू द्या त्यांच्याशी. माझा फोन वरच्या रांगेत टाका, बाकीचं नंतर बघू."

खरं सांगायचं, तर त्या क्षणी तिला शिंपीणबाई आठवल्या नाहीत, की सगळ्यांना सारखं वाटण्याचं आपलं बोलणंही आठवलं नाही. देवाचं ऐकणारी माणसंसुद्धा वेळेला आधी आपल्या बापाचं बघतात. देवही त्यात रागावत नसावा.

"टाकला असता गं," मामांचा आवाज मऊ झाला. "पण वरच्या रांगेतच तर तुझी ही वरात बसलीय. तिथे टाकला तर तू त्यांच्यातच चेंगरशील. खालच्या रांगेत निदान श्वास तरी घेत्येस."

"मग उतरवा त्यांना."

"तू बसवलेस. तू सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"सांगत्येय ना! मी बसवले, मी सांगते, उतरवा!"

"असं स्पष्ट बोलावं. पण ते उतरतात कधी माहीत आहे ना? राउटर बंद करून परत चालू केला की. पळत्या गाडीत. तेवढा वेळ सगळ्या गाडीत काहीही नसेल. आणि पुढे डोंगर आहे. बोगद्यात शिरल्यावर राउटर उठला तर त्याला एकही मनोरा दिसायचा नाही, चाचपडत बसेल, बोगदा संपेपर्यंत. करायचं तर आत्ता, या क्षणी. नाहीतर बोगद्यापलीकडे." मामा थांबले. "आत्ता तुटकं का होईना, काहीतरी येतंय. बंद केल्यावर तो उठेलच, अशी मी शपथ घेत नाही. बोल."

खारूताईने डोळे मिटले. बा, ना, ला. आत्ता जे येत होतं ते हेच. तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. आत्याचा लेखी निरोप मात्र अडखळत येऊन पोचला होता: "न्यायला खाट दारात आली. दादा विचारतोय, तुझा फोन का येत नाही."

तिने उलट लिहिलं, "आत्या, थोडं थांबव. काहीही कर." ते गेलं आहे एवढं पाहिलं आणि मामांना म्हणाली, "करा बंद."

"देवाचं नाव घे," मामा म्हणाले, आणि गाडीतलं वायफाय गेलं.

डब्यातून एक मोठा सामुदायिक सुस्कारा ऐकू आला. तुटकंमुटकं होतं तेही गेल्यावर माणसांना आधीच्याची किंमत कळते. तपासनीस दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "येतंय, येतंय. दुरुस्ती चाललीय. हो, गाडी चालूच आहे, खिडकीतून बघा, छान दिसतंय बाहेर."

खारूताई खोलीच्या दाराशेजारच्या राउटरच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. कपाटाच्या जाळीतून आतला दिवा दिसतो. राउटर उठताना तो आधी लाल होतो, मग नारिंगी, मग हिरवा. लाल झाला. नारिंगी झाला. मग नारिंगीच राहिला. तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली. नवस बोलली नाही, सौदा केला नाही. बाबांकडून ती एवढं शिकली होती की देवाशी लिलाव करायचा नसतो. नुसती हाक मारली.

"अडकलाय," ती म्हणाली. "काका, किल्ली!"

"कपाट उघडायला दुसऱ्या माणसाची सही लागते," तपासनीस म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कमरेचा जुडगा काढून किल्ली शोधू लागले. "सही मीच करतो. दुसरा माणूस पण मीच. उघडा."

आत हात घालून तिने मागचं बटण दाबून धरलं, मनात सावकाश मोजलं, सोडलं. लाल. नारिंगी. खिडकीबाहेर जमीन चढू लागली होती, झाडं दाट होत होती. डोंगर जवळ येत होता.

हिरवा.

"आला," ती म्हणाली. 

तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला आत्याने उचलला, आणि आत्याचा आवाज असा स्पष्ट आला, जणू शेजारच्या बाकावरच बसली आहे. "अगं कुठे होतीस! इथे मी काय काय केलं! दादाच्या बोटातली अंगठी निघत नाही म्हणाले. साबण मागवला. तो आला तर म्हटलं हा नको, मऊ साबण आणा. नर्सबाई माझ्याकडे बघत्येय नुसती. घे, घे, दादा, बोल."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली.

"हॅलो," बाबा म्हणाले.

घोगरा, खालचा, मध्येच श्वास गळणारा आवाज. बाजारातल्या त्या आवाजाचं साल काढून उरलेला. पण त्यांचाच.

"बाबा."

"किती वेळ? तुमच्या गाडीत वायफाय नसतं का?"

"असतं हो. आज जरा पाहुणे जास्त होते."

"जेवलीस?"

"नाही अजून."

"का? मी उपाशी म्हणून तूही? मला डॉक्टरांनी सांगितलंय, तुला कोणी सांगितलंय? जेव आधी." ते दम खायला थांबले. "बाजारात तो नवा पुकारणारा आलाय ना, माझ्या जागी. नाकात बोलतो. त्याची वांगी ऐकलीस तर वाटेल पडसं विकतोय."

ती हसली. तेही हसले आणि त्यांना खोकला आला. ती तो खोकला ऐकत राहिली. खोकलाही आवाजच की.

"बाबा, घाबरलात?"

"थोडा." मग, "हिला सांगू नकोस. तिने आधीच साबणावरून हॉस्पिटल डोक्यावर घेतलंय."

"मी इथेच उभी आहे दादा," मागून आत्या म्हणाली.

"तर तर," बाबा म्हणाले. पुन्हा श्वास घेतला. "आज सकाळी प्रार्थना म्हणायला बसलो. पहिल्या ओळीलाच आवाज गेला. अर्धीच राहिली. देवाला म्हटलं, उरलेली मनात म्हणतो. पण मला काही चैन नाही." मग म्हणाले, "तू म्हण."

"आत्ता? मी गाडीत आहे, बाबा. माणसं आहेत."

"मी भर बाजारात पुकारायचो. तिथे काय झाडं होती?"

खारूताईने आजूबाजूला पाहिलं. तपासनीस किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे होते. दारातून शिंपीणबाई डोकावत होत्या. त्यांना त्यांचं हिरवं कापड साधं दिसू लागल्याचं सांगायचं असावं, पण त्या दाराशीच थांबल्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणू लागली. लहानपणापासून अंथरुणात पडून रोज ऐकलेली प्रार्थना. शब्द सगळे पाठ, सूर कधीच नीट लागला नाही.

दुसऱ्या ओळीवर बाबांनी अडवलं. "खाली पडलीस. वर धर."

"किती वर?"

"अशी." आणि त्यांनी एक सूर लावून दाखवला. चिरफाळलेला, काठावर खरखरीत, पण जागेवर. बरोबर जिथे असायला हवा तिथे. तिने तो धरला आणि पुढची ओळ म्हटली. "हां," ते म्हणाले. पुढच्या ओळीलाही "हां". शेवटची ओळ तिने लवकर संपवली, तर म्हणाले, "पळतेस कशाला? गाडी पळत्येय तेवढं पुरे." तिने ती पुन्हा सावकाश म्हटली.

रेकॉर्डचं बटण पडद्यावर समोर होतं. बाबांनी नको म्हटलं होतं म्हणून तिने ते दाबलं नाही, असं सांगितलं तर थोरपणा दिसेल. खरं असं की तिला ते सुचलंच नाही. समोर माणूस बोलत होतं, आणि ती उत्तरं देण्यात गुंतली होती.

"काका, चला आता," मागून नर्सचा आवाज आला. "अंगठी निघाली ना?"

"मघाशीच निघाली होती," बाबा म्हणाले. "ही माझी बहीण उगाच घासत होती." मग फोनमध्ये, "ठेव आता. तुझी कामं असतील. आणि जेव."

"हो बाबा."

"हो म्हणून पर्स उघडशील आणि चॉकलेट खाशील. जेव म्हणजे जेव."

चाकांचा करकर आवाज आला, मग आत्या म्हणाली, "नेलं गं." थोड्याच वेळात खिडक्या काळ्या झाल्या, गाडी बोगद्यात शिरली होती. भिंतीवरच्या फोनमध्ये मामा "हॅलो? हॅलो? जिवंत आहात का?" असं ओरडत असल्याचं तपासनिसांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मामांना सगळं सांगितलं. खारूताई आपल्या जागी जाऊन बसली. शिंपीणबाईंनी आपला डबा उघडून त्यातलं निम्मं झाकणात काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. तिने ते मुकाट्याने सगळं खाल्लं.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. संध्याकाळी ती पोचली तेव्हा बाबा गुंगीत होते. गळ्यावर पट्ट्या, मधून एक नळी, तिच्यातून श्वास येतो-जातो त्याची बारीक शिट्टी. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली आहे, असं दिसतंय. आता सावकाश घ्यायचं. आत्या आणि ती हॉस्पिटलच्या बाकावर आळीपाळीने पेंगल्या.

सकाळी ऊन खाटेवर आलं आणि बाबांनी डोळे उघडले. दोघी पुढे वाकल्या. त्यांनी ओठ हलवले. आवाज नाहीच; नळीतून नुसती हवा गेली. आपल्यालाच ते विचित्र वाटल्यासारखं त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. मग पुन्हा ओठ हलवले.

"पाणी?" आत्या म्हणाली. "पाणी नाही चालायचं रे अजून."

बाबांनी डोळे फिरवले.

"दुखतंय? नर्सला बोलावू?"

पुन्हा डोळे फिरवले, या वेळी जोरात.

"बाबा, परत सांगा. हळू," खारूताई म्हणाली, आणि त्यांच्या ओठांवरून नजर हलवली नाही. त्यांनी सांगितलं. तिने पायथ्याशी जाऊन पाहिलं. डाव्या पायावरून चादर सरकली होती आणि पाऊल गार पडलं होतं. तिने ते चोळून झाकलं. बाबांच्या चेहऱ्यावर एकदम बरं वाटल्याची खूण उमटली.

मग त्यांनी आणखी काही विचारलं. ते लांबलचक होतं. पहिल्यांदा तिला नुसतं "किती" कळलं. दुसऱ्यांदा सगळं.

"महिनाभर," ती म्हणाली. "मामांनी रजा वाढवून दिलीय. म्हणाले, घरच्यांना बघ. गाड्या कुठे पळून जात नाहीत. म्हणजे पळतातच, पण परत येतात."

बाबांच्या खांद्यांना हसण्यासारखा हलकासा धक्का बसला. मग त्यांनी भुवया वर चढवल्या आणि आत्याकडे एक कटाक्ष टाकून भराभर ओठ हलवले.

"काय? काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

खारूताईने बघितलं, आणि तिला हसू आवरेना. "म्हणताहेत, महिनाभर? दोघीजणी? मला वृद्धाश्रमात ठेवा."

"घ्या!" आत्या म्हणाली आणि पदराने डोळे टिपत उशी सारखी करू लागली. "लागला बोलायला."